उपकरणाच्या येण्याजाण्याची वर्दी

शाळेतील संगणकास पेन ड्राइव्ह जोडला की चढत्या स्वरांचा एक छोटासा नाद ऐकू येतो आणि पडद्यावर त्याचे नाव उमटते. तो काढून घेतला की तसाच, पण उतरत्या स्वरांचा नाद होतो. वर्गातील एखादा चौकस विद्यार्थी अशा वेळी हमखास विचारतो, "गुरुजी, पेन ड्राइव्ह लावला हे संगणकाला कोणी सांगितले?" प्रश्न साधा आहे, उत्तर मात्र पुष्कळ शिक्षकांस चटकन देता येत नाही. "त्याला आपोआप कळते" एवढ्यावर विद्यार्थ्याचे समाधान करणे हे शिकवणे नव्हे. आपोआप असे काहीच घडत नसते. प्रत्येक वेळी कोणीतरी पाहिलेले असते, कोणीतरी निरोप दिलेला असतो आणि कोणीतरी तो ऐकण्यासाठी थांबलेले असते. या निरोपास प्रस्तुत लेखात 'वर्दी' असे म्हटले आहे. गावात काही घडले म्हणजे पोलीस पाटील जशी वर्दी देतो, तशीच ही वर्दी होय.

हा विषय नंदुरबार जिल्ह्यास परका नाही. दिनांक २९ सप्टेंबर २०१० रोजी याच जिल्ह्यातील टेंभली या गावी तत्कालीन पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांच्या उपस्थितीत आधार क्रमांकांच्या वाटपास प्रारंभ झाला आणि देशातील पहिला क्रमांक त्या गावच्या एका महिलेस मिळाला. आधार नोंदणीचे मेज आता तळोदा तालुक्यातील शिक्षकांच्याही परिचयाचे आहे. दहा बोटांचे ठसे घेणारे यंत्र, दोन्ही डोळ्यांची बुबुळे टिपणारे यंत्र आणि चेहऱ्याचे छायाचित्र घेणारा कॅमेरा, अशी निरनिराळी उपकरणे एका संगणकास जोडलेली असतात. पाच वर्षांच्या आतील बालकाचे ठसे घेतले जात नाहीत. पुढे वयाच्या पाचव्या व पंधराव्या वर्षी ते द्यावे लागतात. त्यामुळे मुलांची ही रांग शाळेशी निगडित असते. रांगेत मूल उभे आहे, बोट काचेवर ठेवलेले आहे, आणि पडद्यावर मात्र "उपकरण जोडलेले नाही" असा शेरा येतो. अशा वेळी दोष बोटाचा, वायरीचा की वर्दीचा, हे ओळखण्यास आतील व्यवस्था ठाऊक असावी लागते.

विचारणे आणि वर्दी मिळणे

संगणकात निरनिराळी कामे करणाऱ्या आज्ञावली असतात. चित्र दाखवणारी एक, ठसा घेणारी दुसरी, फाइलींची यादी मांडणारी तिसरी. उपकरण आले किंवा गेले हे अशा आज्ञावलीस दोन मार्गांनी कळू शकते.

पहिला मार्ग वारंवार विचारण्याचा. आज्ञावली दर सेकंदास "कोणी आले का?" असे विचारत राहील. एका तासात ३,६०० प्रश्न होतील. शाळेच्या पाच तासांत १८,००० होतील. त्या दिवसात पेन ड्राइव्ह एकदाच लावला व एकदाच काढला, तर १८,००० प्रश्नांपैकी दोनच कारणी लागले. अशा पाच आज्ञावली असल्या तर हाच व्यर्थ श्रम पाचपट होतो. संगणकास उसंत मिळत नाही आणि बॅटरीवर चालणाऱ्या संगणकाची बॅटरी लवकर उतरते. श्रम वाचवावे म्हणून मिनिटातून एकदाच विचारण्याचे ठरवले, तर दुसरा दोष उद्भवतो. दोन प्रश्नांच्या मधल्या वेळात उपकरण येऊन परत गेले, तर ते आले होते हेच कधी कळत नाही.

दुसरा मार्ग वर्दीचा. आज्ञावली एकदाच सांगून ठेवते की, "अमुक प्रकारचे उपकरण आले वा गेले तर मला कळवावे." त्यानंतर ती स्वस्थ निजते. वर्दी आली की जागी होऊन कामास लागते. मधल्या काळात तिचा काहीच भार संगणकावर पडत नाही. मुख्याध्यापकाने दर पाच मिनिटांनी फाटकाशी जाऊन पाहणे आणि शिपायाने येऊन "पाहुणे आले आहेत" असे सांगणे, यांत जो फरक आहे तोच येथे आहे.

वर्दीचा प्रवास

उपकरण जोडल्यापासून आज्ञावलीपर्यंत वर्दी कशी पोचते, ते आता पाहावे. आजच्या बहुतेक उपकरणांची जोडणी यूएसबी पद्धतीची असते. ही पद्धत १९९६ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्या जुन्या व अद्यापि सर्वत्र आढळणाऱ्या रूपात चार तारा असतात. दोन तारा विजेच्या व दोन माहितीच्या. चपट्या प्लगच्या तोंडाशी निरखून पाहिल्यास विजेच्या दोन पट्ट्या माहितीच्या पट्ट्यांहून सुमारे एक मिलिमीटर लांब दिसतात. त्यामुळे प्लग आत जाताना वीज आधी मिळते आणि बाहेर येताना वीज शेवटी तुटते. हे विद्यार्थ्यांस प्रत्यक्ष दाखवता येते.

संगणकाच्या बाजूस माहितीच्या दोन्ही तारा १५,००० ओहमच्या रोधाने खाली, म्हणजे शून्य दाबाकडे ओढून ठेवलेल्या असतात. उपकरणात १,५०० ओहमचा एक रोध असतो व तो त्यांपैकी एका तारेस वर ओढतो. लहान रोधाची ओढ अधिक असल्याने ती तार शून्यावरून सुमारे तीन व्होल्टांपर्यंत चढते. उपकरण आल्याची पहिली खूण ती हीच. कोणती तार चढली यावरून उपकरण मंदगती आहे की शीघ्रगती, हेही उमगते. माऊस, कळफलक यांसारखी बरीचशी उपकरणे मंदगती वर्गात मोडतात.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. यूएसबीमध्ये उपकरण स्वतःहून बोलत नाही. विचारल्यावाचून बोलायचे नाही, असा त्याचा नियम आहे. म्हणून एका पोर्टाचे अनेक पोर्ट करणारा हब बाहेरून जोडलेला असल्यास, संगणकाचा नियंत्रक त्या हबला सेकंदातून काही वेळा "काही बदल झाला का?" असे विचारत असतो. म्हणजे पाळत ठेवणे सर्वस्वी टळलेले नाही. परंतु सर्वांच्या वतीने एकच पहारेकरी पाळत ठेवतो व बाकीचे निश्चिंत राहतात.

बदल कळताच संगणक लगेच धावत नाही. प्लग बसताना थरथरतो, त्याचा स्पर्श क्षणभर जुळतो व तुटतो. म्हणून सुमारे एक दशांश सेकंद थांबून जोडणी स्थिर झाल्याची खात्री केली जाते. नंतर उपकरणास १ ते १२७ यांपैकी एक क्रमांक दिला जातो आणि त्याची ओळख विचारली जाते. उत्पादकाचा क्रमांक, वस्तूचा क्रमांक व वर्ग अशी माहिती उपकरण देते. कळफलक व माऊस यांचा वर्ग ३, माहिती साठवणाऱ्या पेन ड्राइव्हचा ८, चलच्चित्र देणाऱ्या कॅमेऱ्याचा १४. या ओळखीवरून संगणक त्या उपकरणाची भाषा जाणणारा दुभाषी नेमतो. त्यास ड्रायव्हर म्हणतात. दुभाषी मिळाला नाही तर उपकरण आले हे कळूनही त्याच्याशी व्यवहार होत नाही. नवीन प्रिंटर जोडल्यावर नाद होतो पण छपाई होत नाही, त्याचे एक कारण हे होय.

आता दवंडीची वेळ येते. मूळ प्रणालीच्या अंतर्भागास गाभा म्हणतात. लिनक्स प्रणालीत हा गाभा एक छोटा संदेश प्रसृत करतो. त्यात उपकरण आले की गेले, ते कोठे जोडलेले आहे, कोणत्या प्रकारचे आहे आणि या संदेशाचा अनुक्रमांक कोणता, एवढे असते. सी-डॅक या संस्थेने भारतात तयार केलेली 'बॉस' ही प्रणालीही लिनक्सवरच आधारलेली आहे.

अनुक्रमांकाचे महत्त्व शिक्षकांस निराळे सांगावयास नको. शाळेच्या कार्यालयात आलेल्या प्रत्येक पत्रावर आवक क्रमांक घालतात तो याचसाठी. २००१ मध्ये आलेल्या लिनक्सच्या २.४ या आवृत्तीत प्रत्येक वर्दीसाठी एक स्वतंत्र मदतनीस आज्ञावली सुरू केली जाई. अनेक वर्द्या एकदम आल्या की अनेक मदतनीस एकाच वेळी धावत. एखाद्या वेळी "गेले" ही वर्दी घेणारा आधी पोचे व "आले" ही वर्दी घेणारा मागाहून. परिणामी नसलेले उपकरण यादीत राही. पुढे संदेशास अनुक्रमांक आले, आणि २००३ मध्ये ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी 'युडेव्ह' ही नोंदणीकार आज्ञावली पुढे आणली. ती गाभ्याची दवंडी ऐकते, उपकरणास नाव देते, नियमांप्रमाणे नोंद करते आणि मग इतर आज्ञावलींस कळवते. विंडोज प्रणालीत हेच कार्य निराळ्या रीतीने होते. तेथे मूळ प्रणाली आज्ञावलींच्या खिडक्यांस "उपकरणांत बदल झाला" असा संदेश पाठवते.

आधी नाव नोंदवावे, मग हजेरी घ्यावी

आज्ञावली सुरू होण्यापूर्वीच जोडलेल्या उपकरणांची वर्दी तिला मिळत नाही. ती दवंडी होऊन गेलेली असते. म्हणून तिने आरंभी एकदा हजर उपकरणांची हजेरी घ्यावी लागते. येथे क्रमाचा प्रश्न येतो. आधी हजेरी घेतली व नंतर वर्दीसाठी नाव नोंदवले, तर या दोहोंच्या मधल्या क्षणी आलेले उपकरण ना हजेरीत सापडते, ना वर्दीत. म्हणून जाणते रचनाकार आधी नाव नोंदवतात व मग हजेरी घेतात. क्वचित एकच उपकरण दोन्हीकडे आढळेल. दुबार नोंद खोडणे सोपे असते. सुटलेली नोंद मात्र शोधूनही सापडत नाही.

ठसे घेणाऱ्या यंत्रांच्या बाबतीत आणखी एक मध्यस्थ असतो. यंत्रासोबत येणारी एक सेवा संगणकात सतत चालू असते. नोंदणीची आज्ञावली ठसा घेण्यापूर्वी तिला विचारते व ती "सज्ज" किंवा "सज्ज नाही" असे उत्तर देते. म्हणून यंत्र जोडूनही पडद्यावर ते दिसत नसेल, तर पायऱ्या क्रमाने तपासाव्यात. जोडल्याचा नाद झाला काय? न झाल्यास वायर किंवा पोर्ट पाहावा. नाद झाला, पण उपकरणांच्या यादीत त्यापुढे पिवळी खूण आहे काय? असल्यास ड्रायव्हर पाहावा. यादीतही ठीक आहे, तर मधली सेवा चालू आहे काय ते पाहावे. निरोप ज्या पायरीवर अडला असेल तेथेच तो सोडवावा. मुलाचे बोट पुन्हा पुन्हा काचेवर दाबून काही साधत नाही.

जाण्याची वर्दी

येथवर येण्याचा विचार झाला. जाण्याचा विचार याहून गंभीर आहे. येण्याची वर्दी उपकरण आल्यावर मिळाली तरी चालते. जाण्याची वर्दी उपकरण गेल्यावर मिळाली, तर ती बहुधा निरुपयोगी असते.

पेन ड्राइव्हवर गुणपत्रक साठवण्याची आज्ञा दिली की ते तत्क्षणी तेथे पोचतेच असे नाही. पेन ड्राइव्हचा वेग संगणकाच्या स्मृतीपेक्षा पुष्कळ कमी असल्याने संगणक मजकूर आधी आपल्या स्मृतीत ठेवतो आणि सवडीने पेन ड्राइव्हवर उतरवतो. लिनक्सच्या सामान्य मांडणीत असा मजकूर सुमारे तीस सेकंदांपर्यंत स्मृतीतच राहू शकतो. पडद्यावर काम पुरे झालेले दिसते, शिक्षक पेन ड्राइव्ह उपटून घेतात, आणि दुसऱ्या दिवशी फाइल उघडत नाही. उपटल्यावर "उपकरण गेले" ही वर्दी सर्व आज्ञावलींस मिळालेली असते. पण लिहावयाचे कोठे, ते ठिकाणच नाहीसे झालेले असते. वर्षभराची मेहनत अशी एका झटक्यात वाया जाते. २०१८ मधील सुधारणेपासून विंडोज १० प्रणालीत पेन ड्राइव्हवरील मजकूर असा साठवून न ठेवण्याची मांडणी मूळचीच असते. तथापि लिहिणे चालू असताना उपटल्यास हानी टळत नाही.

याकरिता निघण्यापूर्वीची वर्दी असते. "सुरक्षितपणे काढा" ही आज्ञा दिली की विंडोज प्रणाली त्या उपकरणाविषयी नाव नोंदवलेल्या आज्ञावलींस आधी प्रश्न करते, "हे उपकरण काढावयाचे आहे, हरकत आहे काय?" ज्या आज्ञावलीची फाइल उघडी असेल तिने आपले लेखन पुरे करून फाइल मिटावी अशी अपेक्षा असते. तिला नकार देण्याचाही अधिकार आहे. नकार आला अथवा फाइल उघडीच राहिली, तर "उपकरण वापरात आहे" असा संदेश पडद्यावर येतो. पुष्कळांस हा संदेश संगणकाचा हट्ट वाटतो. वस्तुतः तो कोणा एका आज्ञावलीचा "माझे काम अपुरे आहे, थांबा" हा निरोप असतो. उघड्या फाइली मिटवून पुन्हा आज्ञा द्यावी. तरीही न जमल्यास संगणक रीतसर बंद करून मगच पेन ड्राइव्ह काढावा.

सातपुड्याच्या पायथ्याच्या शिक्षकास हे तत्त्व समजावयास संगणकाचीही गरज नाही. दिवाळीनंतर येथील अनेक कुटुंबे ऊसतोडीसाठी गुजरातकडे जातात. ज्या मुलाच्या जाण्याची वर्दी आधी मिळते, त्याच्या हाती शिक्षण हमी कार्ड देता येते, तो कोठवर शिकला ते लिहून देता येते, आणि तिकडील शाळेस त्याला योग्य जागी बसवता येते. जो न सांगता जातो, त्याचे नाव पटावर राहते आणि मूल उसाच्या फडात असते. चार दिवसांच्या गैरहजेरीनंतर शिक्षकास कळते. पण तेव्हा कळून त्या मुलाच्या हाती काही पडत नाही.

वर्गात घ्यावयाचा पाठ

इयत्ता सहावी किंवा सातवीसाठी हा पाठ पस्तीस मिनिटांत घेता येतो.

साहित्य: संगणक, माऊस, रिकामा पेन ड्राइव्ह, शाळेची घंटा, फळा. वीज नसल्यास केवळ खेळानेही पाठ पुरा होतो.

प्रस्तावना: संगणकावर उपकरणांची यादी दाखवणारी डिव्हाइस मॅनेजर ही खिडकी उघडावी. माऊस काढावा व पुन्हा लावावा. कोणी हात न लावता यादी बदलते, हे मुलांस दिसू द्यावे. "यादीला कोणी सांगितले?" हा प्रश्न फळ्यावर लिहावा, उत्तर सांगू नये. लिनक्स असल्यास 'युडेव्हॲडम मॉनिटर' ही आज्ञा चालवावी. प्रत्येक वर्दी ओळीने उमटताना दिसेल.

विषयप्रतिपादन: सात विद्यार्थी पुढे बोलवावेत. एक उपकरण, एक पोर्ट, एक गाभा, एक नोंदणीकार आणि तिघे आज्ञावली. पहिल्या फेरीत तिन्ही आज्ञावलींनी दर दहा अंक मोजून गाभ्याकडे जावे, "कोणी आले का?" असे विचारावे व फळ्यावर एक रेघ ओढावी. दोन मिनिटांनी रेघा मोजाव्यात. दुसऱ्या फेरीत तिघांनी नोंदणीकाराच्या वहीत नाव लिहून डोके टेकवून बसावे. उपकरण आले की पोर्टाने गाभ्यास स्पर्श करावा, गाभ्याने घंटा द्यावी, नोंदणीकाराने ज्याचे नाव असेल त्यालाच उठवावे. आता ओढाव्या लागलेल्या रेघा मोजाव्यात.

तिसऱ्या फेरीत उपकरणाच्या हातातील चिठ्ठीवरील एक वाक्य आज्ञावलीने फळ्यावर उतरावे. मध्येच उपकरणाने चिठ्ठीसह पळून जावे. अर्धे राहिलेले वाक्य फळ्यावर तसेच ठेवावे. चौथ्या फेरीत उपकरणाने "मी जाऊ का?" असे आधी विचारावे, आज्ञावलीने हात वर करून "थांब" म्हणावे, वाक्य पुरे करावे व मग निरोप द्यावा. दोन्ही वाक्ये शेजारी शेजारी राहू द्यावीत.

संकलन: "कोणत्या फेरीत श्रम कमी झाले? कोणते वाक्य पुरे झाले? का?" एवढे तीन प्रश्न पुरेत. नियम मुलांच्या तोंडून यावा. शिक्षकाने केवळ भाषा सुधारावी.

उपयोजन: घरातील, शेतातील किंवा गावातील अशी दोन कामे शोधून आणण्यास सांगावे, ज्यांत एक वारंवार जाऊन पाहण्याने होते व दुसरे वर्दीने. नळाला पाणी आले का हे पाहणे, दूध संकलनाची गाडी आल्यावर भोंगा वाजणे, अशी उदाहरणे मुले स्वतः आणतील.

पाठ संपल्यावर आरंभी फळ्यावर लिहिलेल्या प्रश्नाचे उत्तर एखाद्या विद्यार्थ्याकडून लिहून घ्यावे. तारेने पोर्टास सांगितले, पोर्टाने गाभ्यास, गाभ्याने नोंदणीकारास, नोंदणीकाराने आज्ञावलीस. आणि काढताना मात्र आपण आधी सांगावयाचे असते. शाळेच्या संगणकाशेजारी हेच वाक्य मुलांच्या अक्षरात कागदावर लिहून चिकटवावे.